दवाखान्याच्या दारातली मावशी

४ फेब्रुवारी

पोरी,

पत्र माझंच आहे. पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलं असशीलच. चौथीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे, ओळ सोडून डोंगर चढायला निघतं. फाडू नकोस. निदान पान उलटेपर्यंत थांब, मग फाड.

नातीचा फोटो पोचला! जावईबापूंनी पाठवला. तुला न विचारता पाठवला असेल तर त्यांना बोलू नकोस, म्हाताऱ्या बाईचे आशीर्वाद त्यांना फुकटात मिळालेत. अगं, काय ते ध्यान! कपाळ तुझ्या बाबांचं, दारात अडकेल असं. ओठ मात्र तुझे, आत्ता रडू का मग रडू असा विचार करणारे. मी बेकरीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "आजी, सगळी बाळं सारखीच दिसतात." मी म्हटलं, "पावसुद्धा सारखेच दिसतात, पण जळका कुठला ते तुला कळतं ना?" मग बसमध्ये दाखवला. कंडक्टरने पुढे दिला, बायकांच्या हातून हातून तो थेट ड्रायव्हरपर्यंत गेला. सिग्नल हिरवा झाला तरी बस हलेना, मागचे भोंगे वाजवतायत, आणि ड्रायव्हर म्हणतोय, "जावळ भारी आहे हो."

सवयीने मी आधी डोकं बघितलं. गोल आहे. म्हणजे फार वेळ अडकली नव्हती. मग मुठी बघितल्या. तुझी वार पूर्ण पडली ना? अंगावर पिते ना नीट? जवळ कोण होतं? कळ आली की कुणाचा हात धरलास?

हे विचारायचा मला हक्क नाही, माहीत आहे. आठ वर्षं झाली. लिहून झालंय, आता खोडत बसत नाही.

इकडे मोठी धामधूम चालू आहे. घरी बाळंतपण करणाऱ्या सुइणींना सरकारने परवाना द्यावा म्हणून बायका उठल्यात. सुइणी कमी आणि आयाच जास्त. पुढारीण कोण, तर ती शाळेतली बाई, जिची तिन्ही मुलं माझ्या हातावर झाली. तिला सगळे भोंगाबाई म्हणतात. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी बैठक असते. खालून इस्त्रीची वाफ येते, वर बायका पोरांना पाजत कायद्यावर भांडतात. परवाना मिळाला तर सुइणीला पिशवीत रक्त थांबवायचं औषध ठेवता येईल, अँब्युलन्स बोलावता येईल, आणि बाई दवाखान्यात न्यावी लागली तर स्वतःच्या नावाने आत जाता येईल.

भिंतींवर कागद लावलेत. त्यावर माझा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'चारशे बाळं, एकही दगावलं नाही.' तो कागद तू बघितलास तर तुला काय वाटेल ते मला कळतं. म्हणून त्याबद्दल आज नको.

बाळाला टोपी घालत जा. कानांवरून.

आई


१९ फेब्रुवारी

पोरी,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमनला दोनदा थांबवलं. आता तो मला बघितलं की रस्ता ओलांडतो.

सह्या गोळा करायला हिंडतेय. गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र थकत नाही. एका दारात एक गृहस्थ म्हणाले, "घरी बाळंतपण? आम्ही घरी केससुद्धा कापत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला मीच बाहेर काढलंय, साहेब. पायाकडून आला होता. तेव्हापासून सगळं उलटंच दिसतंय तुम्हाला." आतून त्यांची आई हसत आली आणि तिने सही केली. मग मुलाच्या हातात पेन दिलं आणि म्हणाली, "कर रे, पायाळू."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग भोंगाबाईने यादीतली पुढची गल्ली माझ्या हातात दिली, आणि ती शिंपिणीची गल्ली निघाली.

मी नको म्हणायला हवं होतं. पाय दुखतायत म्हणून सांगता आलं असतं. पण सगळ्यांसमोर नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

ती तिथेच आहे, जिन्याखालच्या त्याच खोलीत, त्याच मशीनवर. मुलगी आता आठ वर्षांची झाली. उजवा पाय थोडा ओढते. बोलायला अशी की तुझी आठवण यावी. मला म्हणाली, "तुम्ही त्या कागदावरच्या आजी ना? कागदावर दात जास्त आहेत." शिंपिणीने मशीन थांबवलं नाही. मी सहीचा कागद पुढे केला. ती म्हणाली, "सही करते. परवाना हवाच. पण तुमच्या फोटोखाली जे लिहिलंय त्याखाली नाही करणार."

मी म्हटलं, "तुझी मुलगी दगावली कुठे? नीट तर आहे."

हे मी म्हणाले, पोरी. त्या मुलीच्या समोर म्हणाले.

शिंपीण म्हणाली, "मावशी, तुमची मुलगी तीन महिने तुरुंगात बसली. मला कुणी विचारलंच नाही. बाळंतीण मी, आणि मलाच कुणी विचारलं नाही की हात कुणाचे होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्हालाही कुणी विचारलं नव्हतं का?"

मी पाणी मागितलं. तिने दिलं. पाणी पिऊन निघून आले.

त्याच मंगळवारी भोंगाबाईने कायद्याचा मसुदा वाचून दाखवला. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. त्यात एक कलम आहे, 'या कामावरून जिला शिक्षा झाली आहे तिला परवाना मिळणार नाही.' एकीने विचारलं, "अशी आपल्यात आहे का कोणी?" भोंगाबाई म्हणाली, "एकच होती, ती केव्हाच गाव सोडून गेली," आणि माझ्याकडे बघून तिने जीभ चावली. सगळ्या हळहळल्या. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. पोटची मुलगी अशी निघाली, बिचारी आई.

मी तो हात फिरवू दिला.


२ मार्च

पोरी,

जावईबापूंचं पत्र आलं. माझी दोन्ही पत्रं पोचली म्हणे. तू ती कपाटात चादरींखाली ठेवतेस, उघडत नाहीस आणि फेकतही नाहीस. माणूस सज्जन आहे, लिहितो मोजकं. पण एक गोष्ट त्यांनी लांबवून लिहिली. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईला कळा लागल्या, अँब्युलन्स यायला वेळ लागला, तेव्हा तू जिन्यात उभी राहिलीस. दोन्ही हात काखेत दाबून. वर गेली नाहीस आणि घरातही आली नाहीस. मग दोन दिवस जेवली नाहीस. ते विचारतात, "आई, तिथे काय झालं होतं? ती सांगत नाही."

आठ वर्षं नवऱ्यालाही सांगितलं नाहीस.

म्हणून आता सगळं लिहिते. न उघडणाऱ्या माणसाला लिहिणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सकाळपासून तीन कागद चुरगळलेत.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. शिंपिणीचं पाणी पहाटे गेलं. आपण दोघी होतो. बाळंतपण करणारी मी, तू हाताखाली. बारा वाजता तू मला जिन्यापाशी घेऊन आलीस आणि हळूच म्हणालीस, "आई, पाण्याचा रंग हिरवट आहे, बाळ घुसमटतंय. नेऊया." मी म्हटलं, "दोन तास थांबू." एक वाजता तू परत म्हणालीस. मी म्हटलं, "सुईण कोण आहे इथे?" अडीचला बेकरीच्या गाडीतून नेली तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं.

आणि मग दवाखान्याचं दार. आपल्या धंद्यात परवाना नसलेल्या प्रत्येकीला जे शिकवतात ते मी तुला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. दारात पोचलं की सुईण संपली, तिथून आपण मावशी. काही माहीत नाही, आत्ताच आले, बाई ओरडत होती म्हणून घेऊन आले. तू तेव्हा अठरा वर्षांची होतीस आणि विचारलं होतंस, "मग डॉक्टरला कसं कळणार काय झालंय ते?" मी हसले होते.

नर्सने विचारलं, पाणी कधी गेलं? रंग कसा? कळा केव्हापासून? काही पाजलंय का? मी म्हटलं, "मी मावशी. आत्ताच आले."

तू माझ्या पुढे झालीस आणि सगळं सांगितलंस. तास सांगितले, रंग सांगितला, ठोके किती होते ते सांगितलं. त्यांनी पळत नेली. ती मुलगी आज जिवंत आहे ती त्यामुळे.

चार वाजता वह्या घेऊन तो अधिकारी आला. लाकडी बाकावर आपण शेजारी बसलो होतो. तुझ्या बाहीला रक्त होतं, माझं लुगडं स्वच्छ होतं, कारण मी बदललं होतं. त्याने विचारलं, "सुईण कोण?"

आतापर्यंत मी सगळ्यांना, स्वतःलासुद्धा, सांगत आले की मी गप्प बसले. गप्प बसले नव्हते. मी तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "ही. मी पाणी तापवायला होते."

तू माझ्याकडे बघितलंस. मग त्याला म्हणालीस, "हो, मीच."


१२ मार्च

पोरी,

काल परवान्याच्या कायद्यावर समितीपुढे सुनावणी झाली. मोठी खोली, लांब टेबल, मागे खुर्च्या. आमच्या बायकांनी पोरं आणली होती, त्यामुळे अर्धी सुनावणी रडण्यातच गेली. समितीत पाच जण. मधोमध अध्यक्ष, शेजारी एक डॉक्टरीण. भोंगाबाईने मला आदल्या दिवशी पाठ करून घेतलं होतं. पहिलं बाळ कुठलं, जुळी किती, गारा पडत होत्या तेव्हा चालत कशी गेले. "आजी, गोड बोला आणि लवकर बसा."

अध्यक्ष म्हणाले, "आजी, चारशे बाळंतपणं, एकही दगावलं नाही. मोठंच काम आहे हो."

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, दगावलं नाही ते खरं. पण एक दगावलं असतं. ते माझ्या मुलीने वाचवलं आणि शिक्षा तिलाच झाली. ते बाळंतपण माझं होतं."

मागे भोंगाबाईची खुर्ची करकरली. मी थांबले नाही. तुला लिहिलं तेच सांगितलं, बारा वाजता तू काय म्हणालीस, मी काय म्हणाले, दारात काय, बाकावर काय. बोट कसं केलं तेसुद्धा दाखवलं. एक सभासद म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, हे लिहून घेतलं जातंय?" मी म्हटलं, "सावकाश घ्या, मी भरभर बोलते."

डॉक्टरीण इतका वेळ कागदच बघत होती. तिने चष्मा काढला. म्हणाली, "आमच्या दारात रोज एक मावशी येते. कधी आत्या येते. कुणालाच काही माहीत नसतं." काही जण हसले. ती हसली नाही. "आम्ही पहिली पंधरा मिनिटं अंदाज बांधण्यात घालवतो. तेवढ्यात बाळ जातं. तुमच्या मुलीने सांगायला किती वेळ घेतला होता?"

मी म्हटलं, "मिनिटभरसुद्धा नाही. तिला तोंडपाठ असायचं. मी कौतुक करायला हवं होतं."

मग मागून शिंपीण उठली. नाव यादीत नव्हतं तरी उठली. "बाळंतीण मी आहे. आता तरी विचारा," म्हणाली. त्यांनी विचारलं.

बाहेर आल्यावर भोंगाबाई रडत होती. रागाने. "दोन वर्षं उन्हातान्हात सह्या गोळा केल्या, आजी. तुम्ही आपल्याच छपराला काडी लावलीत. आठ वर्षं पोटात ठेवलंत, अजून एक आठवडा ठेवता आलं नसतं?" तिचंही चुकत नव्हतं. घरी येताना बघितलं तर बसथांब्यावरचा माझा कागद कुणीतरी फाडला होता. अर्धाच निघाला, हनुवटी तेवढी राहिली होती.

शेजारीण बोलत नाही. बेकरीवाला बोलतो, पण बाळाचा फोटो दाखवा म्हणत नाही. हेच मी तुझ्या वाट्याला दिलं होतं, आणि तू तेवीस वर्षांची होतीस. माझं काय, मी आता बहिरी झाले असं दाखवते.


६ एप्रिल

पोरी,

आधी चांगलं सांगते. मसुदा पुढे गेला. कायदा व्हायला वर्ष लागेल, तोवर तात्पुरते परवाने देणार. आणि ते कलम बदललं. शिक्षा झालेल्या बाईचं प्रकरण पुन्हा तपासतील. तुझं तपासायला घेतलंय. शिंपिणीचा जबाब, माझा जबाब आणि दवाखान्याची जुनी नोंद, तिन्ही जुळतात. भोंगाबाईनेच येऊन सांगितलं. दारातच उभी होती, आत नाही आली, पण सांगितलं.

मला नोटीस आली. यापुढे एकही बाळंतपण करायचं नाही. माझी पिशवी त्यांनी नेली. नेणारा पोरगेला शिपाई होता, कात्री बघून म्हणाला, "हिनेच मला कापलं असेल." मी म्हटलं, "तुला नाही रे, तुझ्या नाळेला."

आता एक राहिलंय. समितीपुढे मी सांगितलं की भीती वाटली म्हणून खोटं बोलले. बाकावर भीती होती, खरं आहे. पण बारा वाजता कसली भीती होती? तू नेऊया म्हणालीस तेव्हा कोणी अधिकारी नव्हता की पोलीस नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून शिंपीण प्रत्येक कळेला तुझा हात धरत होती. मी तिच्या पायाशी, तू डोक्याशी. एकदा मी वाकले तर ती मला म्हणाली, "मावशी, जरा सरका, मला तिचं तोंड दिसत नाहीये." चाळीस वर्षांत मला कुठल्याच बाळंतिणीने सरका म्हटलं नव्हतं. मी सरकले आणि पाणी तापवायला गेले. पाणी आधीच तापलेलं होतं. चुलीपाशी उभी राहून मी तुझा आवाज ऐकत होते. तू तिला जे सांगत होतीस ते माझेच शब्द होते, पण तुझ्या तोंडून बरे वाटत होते.

थोड्या वेळाने तू म्हणालीस, नेऊया. मला तेव्हाच कळलं होतं की तू म्हणतेस ते बरोबर आहे. बरोबर होतं म्हणूनच मी नाही म्हटलं. अडीच तास मी त्या अडलेल्या बाईला कळा देऊ दिल्या, कारण मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. हे कुठल्या समितीला सांगू? हे तुलाच सांगायचं होतं आणि तुलाच सांगायची लाज वाटत होती.

तुला परवाना हवा असेल तर एक अट आहे. एखाद्या जुन्या सुइणीच्या नजरेखाली दहा बाळंतपणं करायची, मग ती सही देणार. माझी सही आता चालत नाही. म्हणून मी पुलापलीकडच्या सुइणीकडे गेले. तिची माझी वीस वर्षं बोलचाल नाही, तुला माहीत आहे. लोक माझ्याकडे येत, ती बघत राही, आणि ती पुलावर भेटली की मी मुद्दाम पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "ये. कागदावर जरा उंच वाटत होतीस."

मी म्हटलं, "माझ्या मुलीला हाताखाली घे."

ती म्हणाली, "तू शिकवलेली ना? मग काय काय विसरवावं लागेल?"

मी म्हटलं, "एकच गोष्ट शिकवली होती चुकीची, ती तिने ऐकलीच नाही."

तिने चहा ठेवला. मागच्या खोलीत दोन खिडक्या आहेत, ती तुम्हाला देईन म्हणाली. जावईबापूंना काम शोधता येईल. यायचं का नाही ते तू ठरव. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय, पाकिटावरही लिहिलाय, म्हणजे उघडलं नाहीस तरी दिसेल. आलीस तर पुलाच्या अलीकडे यायची गरज नाही. दवाखाना, बाजार, बस, सगळं पलीकडे आहे. मी स्टेशनवर येणार नाही. बाजारही मी इकडचाच करेन.

चहा पिता पिता तिने विचारलं, "दहा बाळंतपणं म्हणजे वेळी-अवेळी जावं लागणार. तोवर तिच्या तान्हीला कोण सांभाळणार?"

मला काय म्हणायचं होतं ते तुला सांगायला नको. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. मी म्हटलं, "ते तिचं ती ठरवेल." मग तिने आणखी चहा ओतला, आणि कप घ्यायला मी हात मांडीखालून काढले.

आई